उतरणारे विमान आणि उडणारे विमान : विमानतळाजवळच्या आकाशात वाट कोणी कोणाला द्यायची?

माहुलीकर (सातारा)

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी वाढली आणि मार्च २०२४ मध्ये तेथील नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. कराडच्या धावपट्टीच्या विस्ताराचा विषय अधूनमधून निघतो आणि सांगलीकर कवलापूरच्या विमानतळासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरून आहेत. या चर्चेत जमीन किती जाणार, धावपट्टी किती लांब हवी आणि तिकीट किती पडणार हे प्रश्न हमखास येतात. त्या धावपट्टीवरील आकाशात विमानांची ये-जा कशी चालेल, हा प्रश्न मात्र मी एकाही सभेत ऐकलेला नाही.

माझे मत असे आहे की, आकाश अफाट असले तरी विमानतळाच्या आसपास ते अफाट राहत नाही. सर्व दिशांनी आलेली विमाने उतरण्यासाठी एकाच सरळ रेषेत येतात आणि निघणारी विमाने त्याच पट्टीवरून उठून सर्व दिशांना पांगतात. येणारे खाली येत असते, जाणारे वर चढत असते आणि कोठेतरी दोघांची उंची एकच होणार हे अटळ असते. त्या ठिकाणी ती एकमेकांसमोर येऊ नयेत याची व्यवस्था आधीच, कागदावर, शांतपणे आखलेली हवी. ती ऐन वेळी एखाद्या माणसाच्या सावधपणावर सोडता कामा नये. जाणकारांनी सांगावे की ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी असते आणि ती कोठे तोकडी पडते.

कृष्णाकाठ (सांगली)

विषय चांगला आहे, परंतु भीती थोडी जास्त वाटते. आता प्रत्येक मोठ्या विमानात टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा असते. समोरून विमान आले की तीच वैमानिकाला वर जा किंवा खाली जा असे सांगते. मग अडचण कोठे राहिली?

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

मी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली आणि आता विश्रामबागेत राहतो. कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी माहुलीकर सरांनी विचारलेली मूळ व्यवस्था सांगतो.

विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडते. त्यामुळे एकच धावपट्टी असेल तर उतरणारे आणि उडणारे दोघेही एकाच दिशेने जातात. उतरणारे एका टोकाकडून येते आणि उडणारे दुसऱ्या टोकावरून बाहेर पडते. वाऱ्याची ही कृपा नसती तर ती समोरासमोर आली असती. यानंतर प्रश्न उरतो तो वेळेचा. जेट विमान शेवटच्या टप्प्यात साधारण १४० नॉट (म्हणजे ताशी १४० सागरी मैल) वेगाने येते, म्हणजे एका मिनिटात सव्वादोन सागरी मैलांहून थोडे अधिक अंतर कापते. दोन उतरणाऱ्या विमानांत ५ सागरी मैलांचे अंतर ठेवले तर नियंत्रकाच्या हाती दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ येतो. तेवढ्यात पहिल्याने उतरून धावपट्टी सोडायची, थांबलेल्याने पट्टीवर येऊन धावायचे आणि उठायचे. मूळ नियम असा की, पुढे निघालेले विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापलीकडे गेलेले किंवा वळलेले नसेल, तर मागून येणाऱ्याने पट्टीचे पहिले टोक ओलांडायचे नाही. काही ठिकाणी विशिष्ट अटींवर याहून कमी अंतर चालते, पण पाया हाच आहे.

या दोन मिनिटांत कोणीतरी पंधरा सेकंद रेंगाळले की गणित बिघडते. उतरलेल्याला बाहेर पडण्याचा जोडरस्ता चुकतो, उडणाऱ्याला पट्टीवर येऊनही निघायला उशीर होतो किंवा मागून येणाऱ्याचा वेग अपेक्षेपेक्षा जास्त असतो. अशा वेळी योग्य उपाय एकच, तो म्हणजे मागच्याला गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सांगणे.

रडार असलेल्या विमानतळाच्या परिसरात दोन विमानांत सामान्यतः ३ सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर आडवे अंतर तरी हवे किंवा १,००० फूट उभे अंतर तरी हवे. दोन्हींपैकी एक असले की पुरते. दोन्ही एकाच वेळी सुटली की तो भंग समजला जातो आणि त्याची नोंद करावी लागते.

हळदबाजार (सांगली)

काका, खूप चांगले समजावून सांगितलेत. व्यापारानिमित्त मी पुण्याहून विमानाने बऱ्याचदा जातो. एका परतीच्या प्रवासात विमान अगदी जमिनीजवळ आले आणि एकदम जोरात वर गेले. शेजारच्या आजींनी नामस्मरण सुरू केले आणि लहान मुले रडू लागली. नंतर घोषणा झाली ती फक्त ‘धावपट्टी मोकळी नव्हती’ एवढीच. त्या वेळी आम्ही अपघाताच्या किती जवळ होतो?

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

धावपट्टी मोकळी नसताना वैमानिकाने विमान वर नेले, म्हणजे आपण अपघातापासून दूर गेलात. गो-अराउंड ही फसलेली गोष्ट नसून नेहमीच्या सरावातली कृती आहे आणि प्रवाशांना हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

परंतु माहुलीकर सरांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, तो पुढच्या दोन मिनिटांत. नुकतेच उडालेले विमान धावपट्टीच्या पलीकडे चढते आहे आणि मागून गो-अराउंड केलेले विमानही त्याच दिशेने, बहुतेक वेळा अधिक वेगाने, चढू लागते. उतरणारे आता उडणारे झाले आणि दोघे एकाच वाटेवर आले. म्हणूनच प्रत्येक धावपट्टीसाठी गो-अराउंडचा मार्ग आधी छापलेला असतो आणि उड्डाणाचा मार्ग त्यापासून लवकर फाकवावा लागतो. एकाला सरळ, दुसऱ्याला डावीकडे किंवा उजवीकडे. जेथे हे फाकवणे शक्य नसते तेथे दोन विमानांतले अंतर वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

औंधकर (सातारा)

या विषयावर चरखी दादरीचे नाव निघाल्याशिवाय चर्चा पूर्ण होणार नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ दिल्लीहून धाहरानसाठी उडाले होते आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ चिमकेंटहून दिल्लीला उतरायला येत होते. एक जाणारे, दुसरे येणारे. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. म्हणजे दोघांत नियमाप्रमाणे हजार फूट होते. कझाक विमान दिलेल्या उंचीखाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. हवेतल्या टकरीत एवढी जीवितहानी जगात दुसरीकडे कोठेही झालेली नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने दिलेली उंची सोडून खाली आल्याबद्दल कझाक विमानाच्या चालकदलाला जबाबदार धरले. त्यांचे इंग्रजी कच्चे होते आणि नियंत्रकाशी बोलणारा रेडिओचालक एक व विमान चालवणारा दुसरा होता. हे सर्व खरेच आहे. पण मला त्यामागची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. दिल्लीभोवतीचे पुष्कळसे आकाश हवाई दलाकडे असल्यामुळे नागरी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच वाट उपलब्ध होती. समोरासमोर येणे हा तेथे अपवाद नव्हता, तो रोजचाच भाग होता. त्यातच नियंत्रकाकडे फक्त प्राथमिक रडार होते. त्याच्या पडद्यावर ठिपका दिसत असे, त्या ठिपक्याची उंची दिसत नसे. समोरून चौदा मैलांवर विमान असल्याची सूचना त्याने कझाक विमानाला दिली होती. मात्र ते खाली सरकते आहे हे त्याला दिसण्याची सोयच नव्हती.

त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि भारतात येणाऱ्या विमानांना टीकॅस सक्तीचे झाले. माहुलीकर सरांचे म्हणणे यातून पूर्णपणे सिद्ध होते.

कृष्णाकाठ (सांगली)

औंधकर, माझे म्हणणेही हेच आहे. टीकॅस सक्तीचे झाले आणि प्रश्न सुटला. १९९६ च्या दिल्लीवरून आजच्या कोल्हापूरची काळजी का करावी?

विंडसॉक (सातारा)

मी वैमानिक होण्यासाठी प्रशिक्षण घेते आहे, म्हणून कृष्णाकाठ काकांना आदराने पण ठामपणे उत्तर देते.

टीकॅस दोन प्रकारे बोलते. आधी ते जवळ विमान असल्याची नुसती सूचना देते. धोका वाढला की ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असा स्पष्ट आदेश देते आणि दोन्ही विमानांतली यंत्रे आपसात ठरवून परस्परविरुद्ध आदेश देतात. मात्र जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली हे आदेश बंद केलेले असतात, कारण इतक्या खाली ‘उतरा’ असे सांगणे घातक ठरेल. म्हणजे विमान उतरण्याच्या आणि उडण्याच्या ज्या क्षणांविषयी आपण येथे बोलत आहोत, नेमक्या त्याच क्षणी ही यंत्रणा आदेश देत नाही.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाची लष्करी हेलिकॉप्टरशी टक्कर होऊन ६७ जणांचा मृत्यू झाला. ती टक्कर नदीवर सुमारे ३०० फुटांवर झाली. विमानाच्या यंत्रणेने जवळ काहीतरी असल्याची सूचना दिली होती, पण त्या उंचीवर आदेश मिळणारच नव्हता. हेलिकॉप्टर त्याच्या २०० फुटांच्या मर्यादेच्या वर होते हे खरे. तरीही ते मर्यादेत राहिले असते तर त्याचा मार्ग आणि त्या धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांचा मार्ग यांत उभे अंतर किती उरत होते, हे चौकशीत पुढे आले तेव्हा लोक हादरले. काही ठिकाणी ते जेमतेम ७५ फूट होते. येथेही दोन वाटा कागदावरच एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

आणखी एक. हे यंत्र समोरच्या विमानातल्या ट्रान्सपॉन्डरच्या, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणाऱ्या उपकरणाच्या, उत्तरावर चालते. आम्ही ज्या लहान विमानांवर शिकतो त्यांत टीकॅस बसवलेले नसते. तेथे आमचे डोळे आणि रेडिओवरचे बोलणे एवढाच आधार असतो.

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

विंडसॉक यांनी अगदी अचूक लिहिले आहे. जेथे टीकॅस आदेश देते तेथे तो नियंत्रकाच्या शब्दापेक्षा वरचढ मानायचा, हा नियमही एका दुर्घटनेनंतर जगभर पक्का झाला. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेन येथे रशियन विमानाला यंत्र ‘चढा’ सांगत होते आणि नियंत्रक ‘उतरा’ सांगत होता. त्यांनी नियंत्रकाचे ऐकले, समोरचे विमान यंत्राचे ऐकून उतरत होते आणि ७१ जीव गेले, त्यांत पुष्कळ शाळकरी मुले होती. त्या रात्री त्या खोलीत काम करणारा नियंत्रक एकटाच होता, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

मिरज_जंक्शन (सांगली)

मला तांत्रिक भाषा फारशी समजत नाही, म्हणून आपल्या रस्त्यावरून समजून घेतो. खंबाटकी घाटात पुण्याहून येणारी वाहने घाट चढून येतात आणि साताऱ्याकडून जाणारी बोगद्यातून जातात. येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची गाठच पडत नाही. चरखी दादरीनंतर दिल्लीत केले ते हेच ना?

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

अगदी हेच. मात्र घाट संपला की दोन्ही वाटा पुन्हा एकाच महामार्गाला मिळतात, तसे विमानांच्या बाबतीत दोन्ही वाटा धावपट्टीवर एकत्र येतातच. शिवाय घाटात पुढे ट्रक बंद पडला तर मागची गाडी थांबते. विमानाला हवेत थांबता येत नाही. त्याला घिरट्या घालाव्या लागतात आणि त्या घिरट्यांसाठीही मोकळे आकाश राखून ठेवावे लागते.

सज्जनगड_पायथा (सातारा)

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उंचीविषयी एक मुद्दा जोडतो. विमानातील उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. खालच्या थरात तो स्थानिक दाबावर लावलेला असतो आणि ठराविक उंचीच्या वर सर्व विमाने १,०१३ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब लावतात. चढणारे विमान त्या उंचीवर स्थानिकावरून प्रमाणावर जाते आणि उतरणारे प्रमाणावरून स्थानिकावर येते. पावसाळ्यात आपल्याकडचा दाब समजा १,००३ असला आणि एकाने मापक बदलायला विसरले, तर दहा हेक्टोपास्कलचा हा फरक जवळजवळ ३०० फुटांचा होतो. हजार फुटांच्या अंतरातले जवळजवळ एक तृतीयांश तेथेच संपते. म्हणून या दोन पद्धतींच्या मध्ये एक थर रिकामा ठेवलेला असतो, जेथे कोणीही एका उंचीवर स्थिर उडत राहत नाही.

कास_पठार (सातारा)

आतापर्यंत जुन्या आणि परदेशातल्या गोष्टी झाल्या. आपल्या मुंबईचे काय? ८ जून २०२४ रोजी इंदूरहून आलेले विमान मुंबईत टेकले, तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेले दुसरे विमान त्याच धावपट्टीवर धावत होते. ती चित्रफीत सर्वांनी पाहिली असेल. संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले. माझे स्पष्ट मत आहे की इतक्या लोकांच्या जिवाशी खेळ झाल्यावर शिक्षा कठोरच हवी.

औंधकर (सातारा)

चौकशी व्हावी याबद्दल दुमत नाही, पण शिक्षेने काय साधते याचा विचार करावा. मुंबईला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर तासाला ४५ च्या आसपास विमाने उतरवायची आणि उडवायची असतात. म्हणजे सरासरी ८० सेकंदांना एक. अशा ठिकाणी एका माणसाला बाजूला केले तरी ते ८० सेकंद तसेच राहतात.

कास_पठार (सातारा)

मग उद्या कोणीही म्हणेल की गर्दी होती. जबाबदारी कोणाची तरी असलीच पाहिजे. आमच्या घरातली मुले त्या विमानांत बसतात.

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

कास_पठार यांचा राग मी समजू शकतो आणि तो मला अयोग्य वाटत नाही. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण अंदाज चुकलेल्या माणसाला आपण त्याच मापाने मोजले तर पुढचा माणूस आपला चुकलेला अंदाज लपवेल. दोन विमाने नको तितकी जवळ आली आणि कोणालाही इजा झाली नाही, अशा घटनांची प्रामाणिक नोंद हेच आमच्या क्षेत्रातले सर्वांत मौल्यवान ज्ञान आहे.

४ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेत ऑस्टिन येथे दाट धुक्यात मालवाहू विमान उतरत होते आणि त्याच पट्टीवरून प्रवासी विमानाला निघण्याची परवानगी दिली गेली. निघणाऱ्याला वेळ लागला. नियंत्रकाला धुक्यामुळे पट्टी दिसत नव्हती आणि तेथे जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार नव्हते. मालवाहू विमानाच्या चालकदलाने वेळेवर ओळखून विमान वर नेले, तेव्हा दोघांत २०० फुटांहून कमी अंतर होते. नियंत्रकाचा अंदाज चुकला, हे एक वाक्य झाले. त्याला दिसत नसताना दाखवणारे साधन त्याच्यापाशी नव्हते, हे दुसरे वाक्य आहे आणि उपाय दुसऱ्या वाक्यातून निघतो.

हळदबाजार (सांगली)

पुण्याचे काय काका? लोहगावचे नियंत्रण तर हवाई दलाकडे आहे.

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

होय. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच आहे आणि नागरी विमाने तीच वापरतात. लढाऊ विमानांचा वेग आणि फेऱ्या घेण्याची पद्धत प्रवासी विमानांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे दोन्ही एकत्र सांभाळताना जास्त अंतर राखावे लागते. आपल्याला तासनिहाय मर्यादा आणि विलंब यांचा त्रास होतो, पण त्या मर्यादेमागे हे कारणही आहे.

माहुलीकर (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे कराड आणि कवलापूरकडे वळू या. मी लोकप्रतिनिधींना द्यायचे निवेदन तयार करतो आहे. लहान धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमाने आधीपासून उडत असतील आणि तेथेच उद्या प्रवासी विमाने सुरू झाली, तर सर्वांत आधी काय मागावे?

विंडसॉक (सातारा)

सर, सर्वांत आधी नियंत्रक मागा. जेथे टॉवर चालू नसतो तेथे प्रत्येक वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर आपण कोठे आहोत आणि काय करणार आहोत हे सांगत राहतो. तिघेच असतील तर ते पुरते. परंतु वारा मंद असेल तेव्हा एक जण पूर्वेकडून उतरायचे ठरवतो आणि दुसरा पश्चिमेकडून उडायचे. दोघांपैकी एकाची फ्रिक्वेन्सी चुकली किंवा दोघे एकाच वेळी बोलले, तर दोघांनाही समोरच्याचा पत्ता लागत नाही. मी शिकताना अशा एका प्रसंगी प्रशिक्षकांनी समोरचे दिवे वेळेवर पाहिले आणि विमान उजवीकडे वळवले. त्या दिवसानंतर मी डोळ्यांवर विसंबते, पण केवळ डोळ्यांवर व्यवस्था उभी राहावी असे मला वाटत नाही.

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

सहमत. त्याच्या जोडीला वेळापत्रक. प्रशिक्षण विमान शेवटच्या टप्प्यात ६५ नॉटने येते आणि मध्यम प्रवासी विमान १२० नॉटने. लहान विमान पट्टीपासून ४ सागरी मैलांवर आहे आणि मोठे त्याच्या मागे आणखी ३ सागरी मैलांवर, म्हणजे कागदावर अंतर पुरेसे आहे. लहानाला उतरायला साधारण पावणेचार मिनिटे लागतील आणि मोठे साडेतीन मिनिटांत तेथे पोहोचेल. म्हणजे मागचे पुढच्याच्या आधी येईल. प्रवासी विमानाच्या आगमन-प्रस्थानाच्या वेळी प्रशिक्षण थांबलेले असेल, असे निवेदनात स्पष्ट लिहून मागा.

कृष्णाकाठ (सांगली)

ही चर्चा वाचून माझे मत पुष्कळ बदलले आहे. कवलापूरच्या मागणीतही हे मुद्दे घालावेत असे मी आमच्या मंडळींना सांगतो. एक शंका आहे. कवलापूर आणि कोल्हापूर एकमेकांच्या इतके जवळ असताना दोन्हीकडची विमाने एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत का?

निवृत्त_नियंत्रक (सांगली)

येऊ शकतात आणि म्हणूनच दोन्हींचे मार्ग एकत्र बसून आखावे लागतील. मुंबई आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले नवी मुंबई यांच्या बाबतीतही दोन्ही विमानतळांच्या आकाशाचा एकत्रच विचार करावा लागतो. एका विमानतळाची गो-अराउंडची वाट दुसऱ्याच्या उतरण्याच्या वाटेत शिरता कामा नये. कराडला आणखी एक अडचण आहे. आगाशिवसारखे डोंगर जवळ असल्याने विमानाला वळण्यासाठी मोकळी बाजू मर्यादित मिळते. त्यामुळे उड्डाणाचा मार्ग आणि गो-अराउंडचा मार्ग दोन्ही एकाच मोकळ्या बाजूकडे ढकलले जाण्याचा संभव आहे. तसे झाले तर एक विमान पूर्ण दूर जाईपर्यंत दुसऱ्याला सोडता येणार नाही आणि तासाला किती विमाने चालतील हे धावपट्टीच्या लांबीवर ठरणार नाही. माहुलीकर सर, सर्वेक्षणाचा अहवाल आला की त्यातला गो-अराउंडचा नकाशा येथे जरूर टाकावा. तो पाहून मी नेमके मुद्दे लिहून देईन.